डाव्या दाराची कुरकुर

नेवासे येथील वकील श्री. नृसिंहराव टोकेकर यांच्या मोटारीचे मागचे डावे दार सन एकोणीसशे सत्तरच्या भाद्रपदात कुरकुरू लागले. एरवी ही बाब नोंद घेण्याजोगी नव्हे. आमच्या नेवाशात त्या सुमारास पुष्कळ दारे कुरकुरत होती आणि त्यांचे मालक दुपारी जेवून स्वस्थ झोपत होते. पण हे दार मोटारीचे होते आणि मोटार वकिलांची होती. त्यामुळे प्रकरण रीतसर चालवणे भाग होते.

वकिलांच्या पत्नी सुनीतीबाई यांनी ते घरातल्या घरात मिटवण्याचा प्रयत्न केला.

"अहो, समईतलं उरलेलं तेल आहे. दोन थेंब सोडा की बिजागरीत."

"अगं, तेलानं थांबेल हे मलाही कळतं," नृसिंहराव म्हणाले. "पण ज्याची मोटार समईच्या तेलावर बरी होते, त्याच्या हातात जिल्हा कोर्टातलं अपील कोण देईल?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. मोटार नगरला गेली.

नगरला मेसर्स सर्वमंगल मोटर्स हे कंपनीचे अधिकृत विक्रेते आणि अधिकृत दुरुस्तीकार. तेथील वर्क्स मॅनेजर श्री. खर्डेकर पांढरा कोट घालत आणि कधीही मोटारीला हात लावत नसत. त्यांनी नृसिंहरावांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि विचारपूस केली.

"कुरकुर सकाळी जास्त असते की संध्याकाळी?"

"दार उघडलं की असते."

"म्हणजे उघडण्याशी संबंध आहे," असे म्हणून खर्डेकरांनी ते लिहून घेतले. "तपासणीआधी निदान करणं आमच्या शिस्तीत बसत नाही. जॉबकार्ड उघडावं लागेल."

"त्याचे किती पडतील?"

"उघडायचे काहीच नाहीत."

बंद करण्याचे पडतात, हे नंतर कळले.

कुरकुर बिजागरीत होती. बिजागरी तपासण्यासाठी दार काढावे लागले. दार काढण्यासाठी सीट काढावी लागली. सीट काढल्यावर तिच्याखालचा पत्रा गंजलेला आढळला आणि तो पत्रा उचलल्यावर खालचा सायलेन्सर उघड्यावर आला. मोटारीत प्रत्येक वस्तूच्या खाली आणखी एक वस्तू असते, ही गोष्ट नृसिंहरावांना आजवर कुणी सांगितली नव्हती. "आता उघडलंच आहे तर," या खर्डेकरांच्या वाक्यावर पुढचे तीन महिने गेले. प्रत्येक बिलात तपासणी आकार, उघडणी आकार, फेरतपासणी आकार अशी कलमे असत आणि सर्वांत शेवटी 'किरकोळ' असे. ते सर्वांत मोठे असे.

मार्गशीर्षात शेजारच्या गुळाच्या गोदामातले उंदीर आले आणि मोटारीच्या सगळ्या वायरी खाऊन गेले. नवीन वायरिंगचे बिल पाहून नृसिंहराव एस.टी.ने तडक नगरला पोचले.

"उंदीर तुमच्या आवारात शिरले!"

"मान्य," खर्डेकर शांतपणे म्हणाले. "पण वायरी तुमच्या आहेत. त्यांनी आमच्या वायरी खाल्ल्या असत्या तर आम्ही तुम्हाला एक पैसा लावला नसता."

वीस वर्षांच्या वकिलीत इतके स्वच्छ उत्तर नृसिंहरावांनी ऐकले नव्हते.

"मी मोटार घेऊन जातो. आत्ताच्या आत्ता."

"जरूर न्या. फक्त दुरुस्तीची हमी आमच्या आवारातच लागू असते."

"म्हणजे ती इथे उभी राहिली, तर ती चालेल याची हमी?"

"लेखी," खर्डेकर म्हणाले.

मोटार तिथेच राहिली. यात सर्वस्वी तोटाच झाला असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नृसिंहराव एस.टी.च्या रांगेत उभे दिसले की कुणीतरी विचारी, "काय वकीलसाहेब, मोटार?" मग ते "कंपनीच्या गॅरेजात आहे," असे म्हणत. मुलगा विलायतेत आहे हे सांगताना लोकांचा जसा आवाज होतो, तसा त्यांचा होई. मोटार दारात होती तेव्हा लोक तिच्या चिखलाकडे पाहत. आता ती कुणालाच दिसत नसल्यामुळे तिच्याविषयी आदर वाढला. वकिलांची कामेही वाढली. पण बिले त्याहून वाढली आणि मोटार सुटेना, हे शल्य त्यांना रात्रंदिवस टोचत होते. मोटार परत हवी आणि गेलेले पैसेही परत हवेत, एवढाच त्यांना आता ध्यास लागला.

माघात चहा पिता पिता ते खर्डेकरांना कडवटपणे म्हणाले, "या बिलांत आमच्या माधवचं लग्न उरकलं असतं हो."

खर्डेकरांनी कप खाली ठेवला. "माधवराव काय करतात?"

"जिल्हा परिषदेत ओव्हरसियर."

"पत्रिका आहे?"

खर्डेकरांनी क्लच प्लेटांच्या पुस्तकाखालून आपल्या इंदूची पत्रिका काढली. मुलगी मॅट्रिक होती, पेटी वाजवत होती. गोत्र वेगळे निघाले, नाडी वेगळी निघाली आणि छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले. घरी परतताना एस.टी.त नृसिंहराव कित्येक महिन्यांनी गाणे गुणगुणत होते. ज्या खिशात पैसे गेले त्याच खिशातून ते आता मानाने परत येणार होते.

हुंडाबंदीचा कायदा होऊन तोवर नऊ-दहा वर्षे झाली होती आणि नृसिंहराव कायदा मानणारे गृहस्थ होते. म्हणून त्यांनी हुंडा हा शब्द कधीही उच्चारला नाही. खर्डेकरांच्या घरी याद्या करायला बसल्यावर त्यांनी स्वतः तयार केलेली यादीच पुढे केली. स्थळ तपासणी आकार. नवरदेव शिक्षण व देखभाल आकार. करवल्यांचा मान, विहिणीचा मान, रुसवा काढणी आकार. खाली टीप होती: 'मुलगा मूळचा असून कोणताही भाग बदललेला नाही.' आणि सर्वांत शेवटी होते 'किरकोळ'.

खर्डेकरांनी ती जाणकाराच्या नजरेने वाचली. "किरकोळ दोनदा आलंय."

"एक माझं. एक तुमच्याकडून शिकलो, त्याचं."

"उत्तम आहे," खर्डेकर मनापासून म्हणाले आणि त्यांनी सही केली. यादी दोन हजारांवर गेली होती. सुपारी फुटली, पेढे वाटले गेले. आता बिल लावणाऱ्याच्या खुर्चीत आपण बसलो आहोत आणि समोर खर्डेकर बसला आहे, या विचाराने नृसिंहरावांना दोन पेढे जास्त गेले.

पुढच्याच आठवड्यात मोटारीचा गिअर बॉक्स उतरवण्यात आला.

त्याच्या पुढच्या आठवड्यात इंजिन उतरले. मग मागचे स्प्रिंगांचे पाटे, मग पुढचे दिवे. दिव्यांना काही झाले नव्हते, पण इंजिन नवे आणि दिवे जुने हे शोभले नसते. बिले पाहून नृसिंहराव पुन्हा नगरला गेले. आता व्याही झालेल्या खर्डेकरांनी त्यांचे पाय धुवायला पाणी मागवले आणि घरातल्या माणसाशी बोलावे तसे सगळे मोकळेपणाने सांगितले.

"व्याहीबुवा, तुमच्यापासून काय लपवायचं? मी पगारी माणूस. प्रत्येक बिलावर मला दहावा हिस्सा मिळतो. दोन हजारांची यादी आहे. मग वीस हजारांचं काम निघायला नको का?"

"पण ते सगळं माझ्याच मोटारीतून?"

"दुसऱ्याच्या मोटारीतून तुमच्या मुलाचा मान काढायचा? लोक काय म्हणतील?"

नृसिंहरावांनी मनातल्या मनात हिशेब केला. व्याह्यांकडून एक रुपया घ्यायचा तर आधी आपल्याला दहा भरायचे होते. एवढ्यात नवीकोरी मोटार आली असती, कुरकुरीसकट. त्यांच्यातला समाजसुधारक जागा व्हायला हे पुरेसे होते.

"खर्डेकर," ते भारावून म्हणाले, "ही देण्याघेण्याची चाल अत्यंत निंद्य आहे. मला काही नको. नारळ आणि मुलगी द्या."

ही बातमी नेवाशात आमच्या कानी आली आणि आम्हा सर्वांना गहिवरून आले. वाचनालयाने सत्काराचा ठराव केला, शालही आणली. पण खर्डेकर दुखावले गेले होते.

"सही झाली, सुपारी फुटली. माझी मुलगी काय रिकाम्या हातानं सासरी जाईल? मला समाजात तोंड दाखवायचं आहे." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि मोटार सध्या पूर्ण उघडी आहे, व्याहीबुवा. अशा वेळी दोन्हीकडून विश्वास हवा."

सत्कार तहकूब झाला. शाल वाचनालयाच्या कपाटात आहे.

आता वीस हजार उभे करायचे होते. नृसिंहरावांनी शांतपणे विचार केला आणि आपल्या अशिलांकडे नव्या दृष्टीने पाहिले. त्यांच्याकडे भागूबाई नावाची एक पक्षकार होती. तिच्या दिराने तिचा बांध कोरला होता. दोन तारखांत मिटेल असा दावा होता. नृसिंहरावांनी आधी बांध तपासला. बांधासाठी शेत मोजावे लागले. शेत मोजण्यासाठी सातबारा उघडावा लागला आणि त्यात विहिरीच्या पाळीचा वाद निघाला. आता उघडलेच आहे तर आजेसासऱ्यापासूनची वाटणीही त्यांनी काढली. पाडव्याच्या सुमारास भागूबाईंच्या हातात बिल पडले.

"साहेब, लई झालं की वो," भागूबाई म्हणाल्या. "बांध हातभर न्हाई माजा."

"बांध छोटा आहे, पण तो पूर्ण उघडा आहे," नृसिंहराव म्हणाले. हे बोलताना आपण पांढरा कोट घातला आहे, असे त्यांना वाटून गेले. "द्यायला जमेल ना?"

"जमंल की. आमच्या गोरक्षाचं लगीन ठरतंय. यादीत टाकते."

"कशाच्या?"

"मानपानाच्या. आमी काय पोराला फुकाट वाढिवला व्हय? त्याचा सासरा दील."

नृसिंहरावांना त्या अनोळखी सासऱ्याविषयी मनापासून वाईट वाटले. "अहो, पण तो बिचारा एवढे कुठून आणील?"

"त्याला काय धाड भरलीय! दुधाचा धंदा हाय त्याचा. रोज नगरला रतीब घालतो."

"दुधात एवढं सुटतं?"

"दुधात न्हाई सुटत," भागूबाई डोळे मिचकावून म्हणाल्या. "पन त्याची हीर लई चांगली हाय. उन्हाळ्यात बी पानी आटत न्हाई."

लग्न वैशाखात नगरला झाले. यादीतली सगळी कलमे खर्डेकरांनी मानाने पुरी केली, दोन्ही किरकोळांसह. विहीणबाईंचा रुसवा निघाला. वरातीला मोटार आली तेव्हा ती ओळखू येईना. इंजिन नवे, रंग नवा, दिवे नवे, वर झेंडूच्या माळा. नृसिंहराव तिच्याभोवती एक फेरी मारून आले. त्यांची मोटार आठ महिन्यांनी त्यांना परत मिळाली होती, आणि मोटारीतून सूनही येत होती. इंदूने मागचे डावे दार उघडले.

दार कुरकुरले.

बँड थांबलेला होता, त्यामुळे ते सर्वांना ऐकू गेले. नृसिंहरावांनी व्याह्यांकडे पाहिले.

"ती राहिलीच की हो!"

"राहिलेली नाही. कुरकुरीचं जॉबकार्ड वेगळं आहे," खर्डेकर म्हणाले. "ते अजून उघडंच आहे."

"मंगळागौरीला मी मोटारीनंच येईन, बाबा," इंदू गोड आवाजात म्हणाली. "म्हणजे तेव्हा दाखवता येईल."

"आणि पाठोपाठ दिवाळसण आहेच," खर्डेकरांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला. "माधवराव, अंगठी कितीची करायची, अगदी मोकळ्या मनानं सांगा."

"नको!" नृसिंहराव ओरडले. वऱ्हाडी मंडळी चपापली. मग वऱ्हाडातून कुणीतरी म्हणाले की वकीलसाहेब किती निर्लोभी आहेत, आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सुनीतीबाईंनी मात्र पर्समधून एक छोटी बाटली काढली आणि सुनेच्या हातात दिली. बाटलीत समईचे तेल होते. इंदूने वडिलांकडे पाहिले, माधवकडे पाहिले, दिवाळीतल्या अंगठीचा विचार केला आणि बाटली तशीच ओटीत ठेवून दिली.

तर अशी ही हकिकत. नृसिंहरावांचे आता बरे चालले आहे. मोटार महिन्यातले वीस दिवस माहेरी असते.

तुम्ही हे वाचताना बहुधा चहा घेत असाल, आणि मघापासून गॅरेजवाले, वकील आणि व्याही या मंडळींना हसतही असाल. चहा आज जरा पातळ लागतो आहे ना? गवळ्याला दोष देऊ नका, त्याच्या मुलीचे लग्न झाले आहे. आणि तुम्हीही तो पातळ चहा निमूट गिळून बसणाऱ्यांपैकी नव्हे, हे आम्ही जाणून आहोत. तुमचे दुकान असेल, शिकवणी असेल, कचेरीत टेबल असेल किंवा घरात लग्नाचा मुलगा असेल. तुम्ही तो चहा कुणाच्या तरी बिलात 'किरकोळ' म्हणून लावलाच असेल. लावा, त्याला आमची हरकत नाही. फक्त तेवढा खर्डेकरांच्या नावावर लावू नका. तिथून तो नेवाशाला जातो, नेवाशाहून भागूबाईंकडे, भागूबाईंकडून विहिरीवर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तुमच्याच कपात येतो, आणखी जरा पातळ होऊन.