तीन बोटांचा तुकडा आणि बारा हातांची कांब

अग्नीस नमन, ऐरणीस नमन, आणि डोळां देखिलें तितकेंच लिहविणाऱ्या बुद्धीस नमन. शके सोळाशें दहा, विभवनाम संवत्सरे, माघ वद्य तृतीयेस एके राज्यीं जो प्रकार जाहला तो लिहिला असे. राज्यांत दरीवर झुलता पूल योजिला आणि तो बारा हात लांबीच्या चार कांबांस टांगावयाचा ठरला. कांबा म्हाळोजी ओतारी यांनीं केल्या. धातूचे कण ऐसे बारीक कीं मोडला तुकडा रेशमासारिखा दिसे. चाल ऐसी कीं पहिला हत्ती पुलावर चढे तेव्हां कर्त्याचें कुटुंब खालीं उभें राहावें. कांब तुटण्याआधीं लांबते, पूल झुकतो, तितक्यांत माणसें पळून जातात. किती लांबते हें परीक्षेचे दारोगे नरसो अनंत पाहात. ऐसा धातू दुर्मिळ, म्हणोन पिढ्यानपिढ्या तुकडा तीन बोटेंच घ्यावयाचा. तो ओढिला, आणि बोटभर लांबला, आणि मग तुटला. दारोगे म्हणाले, "तिसरा हिस्सा लांबते. बारा हातांची चार हात लांबेल. पळावयास उसंत पुष्कळ." आणि शिक्का मारिला.

मग म्हाळोजींच्या स्त्री भिवराबाई दोन लेकरांचे हात धरून दरींत उतरूं लागल्या आणि मध्येंच थांबल्या. "अहो, अख्खी कांब कोणी ओढून पाहिली का?" म्हाळोजी म्हणाले, "तशी चाल नाहीं." मग बाई थेट महाराजांपुढें गेल्या आणि म्हणाल्या, "खालीं माझीं लेकरें उभीं राहणार. एक कांब ओढवावी." दारोगे रागावले, "एक गेली तर पूल महिनाभर खोळंबेल." बाई म्हणाल्या, "खोळंबूं दे. मला कसली घाई?" महाराजांस हसूं आलें आणि त्यांनीं हुकूम दिधला. मग कांब रहाटास लाविली, आणि बैल जुंपिले, आणि ओढ वाढविली, तों ती चार हात सोडाच, चार बोटेंहि न लांबतां कडाडून तुटली. आम्हीं चाळीस वर्षें लेखणी धरिली, परंतु त्या दिवशीं ओळ अर्धीच टाकिली. लेकरें खालीं असतीं तर, हें मनांत येऊन अद्याप झोंप नाहीं. म्हाळोजी तुटलें टोक हातीं घेऊन बोलले, "महाराज, जोर तुकड्याइतकाच सोसला, त्यांत लबाडी नाहीं. पण जेथें कांब मानेसारिखी बारीक झाली तेथेंच काय ती बोटभर लांबली, बाकी कांब जवळजवळ होती तशीच. तीन बोटांत बोटभर म्हणजे तिसरा हिस्सा. बारा हातांत तें कांहींच नाहीं."

मग महाराजांनीं फर्माविलें कीं तुकडा कांबेइतकाच लांब घ्यावा, आणि पुलाखालीं कर्त्याचें नव्हे, शिक्का मारणाराचें कुटुंब उभें राहावें. पुढील सालीं नवीन कांबा आल्या. नरसोपंतांनीं सात ओढविल्या आणि सातहि नापसंत केल्या.

एवंच, दरीवर पूल अद्याप नाहीं, आणि माणसें सगळीं जिवंत आहेत.