मल्लप्पा आणि फोटोचे चार कोपरे

आमच्या भवानी पेठेतला मल्लप्पा फोटोवाला नवरा-नवरीकडे कधी बघतच नाही. नवरी रडतेय का, नवऱ्याचा फेटा डोळ्यांवर आलाय का, त्याला सोयरसुतक नाही. डोक्यावर काळं फडकं घेऊन हा बाबा कॅमेऱ्यामागे वाकतो आणि नुसते चार कोपरे तपासत बसतो. मंडळी उन्हात ताटकळतात, म्हाताऱ्या खाली बसून घेतात, तरी आतून एकच आवाज, “कोपरा बघू द्या की जरा.”

त्याचं शास्त्र मला पाठ आहे, कारण तो ते ज्याला-त्याला ऐकवतो आणि पेठ मला ऐकवते. बोळात मागे सरकायला जागा नसते, म्हणून वाइड अँगल लेन्स लावायची. आभाळातले ढग उठून दिसावेत म्हणून तिच्यावर पिवळा फिल्टर चढवायचा. पण फिल्टरची पितळी कडी जाड असली, की ती लेन्सच्या आडवी येते आणि फोटोचे कोपरे काळे पडतात. “घोड्याला झापड बांधल्यागत,” मल्लप्पा म्हणतो.

त्यावर त्याने काय करावं? सोनाराकडे दिवसभर ठाण मांडून कडी कागदासारखी पातळ घासून घेतली. एकावर एक दोन फिल्टर लावा म्हणणाऱ्या वकिलाला दुकानातून घालवून दिलं. जागा मिळाली तर इतका मागे जातो, की कडा कापल्या तरी माणूस कापला जाऊ नये. मोहोळच्या एका पाटलांनी फोटो बघून विचारलं, “आमी हाय कुटं ह्यात?”

“समदे हाय की,” मल्लप्पा म्हणाला. “मोजून घ्या.”

पेठ हसते. मी हसत नाही. हे खूळ त्याला आमच्या घरच्या फोटोपासून लागलं आणि त्यानंतर चार वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो.

माझ्या लग्नाला वऱ्हाड निघायच्या आधी त्याने आमच्या दारात घरच्या मंडळींचा फोटो काढला. लेन्स तेव्हा नवी, कडी जाड. फोटो आला तो असा, की सगळे नातलग लख्ख आणि मागच्या रांगेच्या टोकाला, जिथे आई उभी होती, तिथे काळं. पदर तेवढा दिसत होता. आई त्याच वर्षी तापाने गेली. तिचा दुसरा फोटो नाही. मल्लप्पाने माझ्या आईचं तोंड खाल्लं, असं मी शिकवतो त्या शाळेत, बाजारात, देवळात सांगत सुटलो. तो कधी उलट बोलला नाही.

गेल्या महिन्यात बायकोने हट्टच धरला, की मुलीचा पहिला फोटो मल्लप्पाकडेच काढायचा. गेलो नाइलाजाने. फोटो झाल्यावर मल्लप्पाने कपाटातून आमच्या त्या फोटोची जुनी काचेची प्लेट काढली आणि तिच्यावरून छापलेले वीसेक फोटो बायकोपुढे ठेवले. सगळ्यांत तोच काळा कोपरा.

“नवा कागद आला की छापून बघतो, वैनी. तोंड काय येत न्हाय.”

बायकोने काळ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, “पण मल्लप्पा, नवऱ्या मुलाची आई इतक्या कडेला कशी उभी राहिली?”

मल्लप्पाने एकदा माझ्याकडे पाहिलं.

“मीच उभं केलतं तितं. चुकलं माजं.”

साफ खोटं. त्या दिवशी फडक्यातून डोकं बाहेर काढून तोच आईला म्हणाला होता, “आई, आत या, कोपरा जातोय.” आई निघालीही होती. मी हात आडवा केला. “मंगलकार्य आहे. विधवेने मध्ये येऊ नये, तू तिकडेच बरी,” असं मी, तिच्या पोटच्या पोराने, म्हटलं होतं. ती मुकाट्याने मागे सरकली.

आता तरी मी तोंड उघडायला हवं होतं. लाज वाटली, पण त्या दिवशी बोललो त्याची नाही, उघडं पडायची.

“इतकं मनाला लावून घेऊ नका,” बायको त्याला म्हणाली. मल्लप्पाने चहा मागवला. मी मान खाली घालून प्यायलो.