ॲडजस्टची ओटी

कवठेवाडीत इंग्रजी शब्दांचे अर्थ माणसांच्या अंगात राहतात, आणि 'ॲडजस्ट'चा अर्थ लग्न झाल्यापासून मालनकाकूंच्या अंगात होता.

यात गावात कुणाला विशेष काही वाटत नाही. 'टेन्शन'चा अर्थ शिंप्याच्या शोभाबाईंकडं आहे, 'डोक्याला शॉट'चा निवृत्त हेडमास्तरांकडं. 'टाइमपास' लोंढ्यांच्या घरात असल्यामुळं थोरल्या लोंढ्याला तालुक्याला लागलेली नोकरी गावानं हात जोडून सोडायला लावली. 'सॉरी'चा अर्थ घ्यायला मात्र आजवर कुणी पुढं आलं नाही, त्यामुळं तो शब्द गावात नुसताच वापरतात.

या सगळ्यांत 'ॲडजस्ट' म्हणजे जीव काढणारं काम. कुणीही कुणाला "जरा ॲडजस्ट करा" म्हटलं, की कुणीतरी आकसायला लागतं, आणि ते आकसणं मालनकाकूंच्या वाट्याचं. वडापच्या जीपमध्ये तिघांच्या जागेवर चौथा बसला, काकू आकसल्या. नळाला पाणी कमी आलं, नणंद चार दिवसांसाठी येऊन दिवाळीपर्यंत राहिली, काकू आकसल्या. लग्नात चांगली अंगापिंडानं भरलेली ही बाई आता कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत अंथरूण घालायची, तेही एका कुशीवर मावेल एवढं. तिच्या पोलक्यांना टिपा घालून घालून कापडापेक्षा शिलाईच जास्त झाली होती.

हा अर्थ सासूकडून सुनेकडं जातो. लग्नानंतर सत्यनारायण झाला की दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत सासूनं सुनेची ओटी भरायची, तांदूळ-नारळासोबत अर्थ पदरात पडतो. काकूंची नवी सून ऐश्वर्या कबड्डी खेळायची. बसली की ऐसपैस मांडी घालून, आणि हसली की फळीवरची भांडी वाजायची. काकूंना ती बघताक्षणी आवडली, आणि त्याच दिवशी त्यांनी मनाशी पक्कं केलं की या पोरीतलं बोटभरसुद्धा कमी होऊ द्यायचं नाही.

ग्रामपंचायतीत भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, ओटीचं सूप पुढं सरकवलं. काकूंनी त्याला हात लावला नाही.

"मी सुनंला देणार न्हाय," त्या म्हणाल्या. "आन् माझ्याकडंबी ठेवणार न्हाय."

सरपंच दिगंबर खुर्चीतून अर्धवट उठले. "काकू, असं करून कसं चालंल? परवा जत्रा हाय. माणसं कुठं बसवायची?"

"ते तुमचं तुम्ही बघा. ज्याच्या तोंडात हा शब्द जास्त, त्यानं अर्थ घ्यावा."

यावर खोलीतल्या एकूण एक माणसानं उत्तमतात्यांकडं बघितलं. तात्या काकूंचे यजमान. ते खवळले.

"मी? मी कवा म्हणतो? अगं, इतकी वर्षं निभावलंस, आता तेवढं ॲडजस्ट कर की!"

काकू तिथल्या तिथं आकसल्या. साडीच्या निऱ्या घसरल्या, त्या ऐश्वर्यानं पटकन धरल्या. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"द्या आत्या, मी घेते," ती म्हणाली. "मला काय हुतंय? मी दणकट हाय."

"मीबी दणकट हुते," काकू म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. त्यांना वाईट वाटलं होतं, पण नियम सांगणं भाग होतं.

"ओटी पदरातच घ्यावी लागते. तात्यांना पदर नाही. माझा नाइलाज आहे."

"गळ्यात उपरणं हाय त्यांच्या."

भाऊसाहेबांनी उपरणं चिमटीत धरून पाहिलं, त्याची लांबी-रुंदी नजरेनं मापली आणि बराच विचार केला.

"उपरण्याला मनाई असल्याचं माझ्या वाचनात नाही," ते म्हणाले.

तात्या आणखी काहीतरी बोलणार होते. पण त्यांची नजर काकूंवर गेली आणि तिथंच अडकली. बायकोकडं नीट बघून त्यांना किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. तिच्या मागं भिंतीवर कॅलेंडर होतं, आणि ती मधोमध उभी असूनही त्यातला जवळजवळ सगळा महिना वाचता येत होता. तात्यांनी गळ्यातलं उपरणं काढलं आणि दोन्ही हातांनी पुढं पसरलं.

काकूंनी ओंजळ भरून तांदूळ घातले, खण ठेवला, नारळ ठेवला. हळदीकुंकू लावताना तात्यांनी कपाळ पुढं केलं.

"खात्री करून घ्यावी लागेल," भाऊसाहेब म्हणाले.

"तात्या," सरपंच चाचरत म्हणाले, "जरा ॲडजस्ट करा."

तात्यांचं घड्याळ मनगटावरून सुटून थेट कोपरापर्यंत गेलं. भाऊसाहेबांनी मान हलवली आणि सगळ्यांना पेढे वाटले.

घरी परतताना काकूंच्या बांगड्या घट्ट होऊ लागल्या. उन्हात त्यांची सावली रस्त्यावर चांगली रुंद पडली होती, आणि ऐश्वर्या तिच्यातून चालत होती. घराशी आल्यावर काकू आत शिरायला गेल्या, तर दोन्ही खांदे दाराच्या चौकटीला टेकले.

"थोडी तिरकी हो," तात्या मागून म्हणाले. "म्हणजे जाशील."

काकू तिरक्या झाल्या नाहीत. त्यांनी उंबऱ्यातच उभं राहून सुनेला हाक मारली.

"ऐश्वर्या, सुताराला बोलाव. चौकट मोठी करायची हाय."