पेशींच्या वाट्याचा अर्क

खट्! फ्रिजचं दार लागलं आणि लेकीला थोपटता थोपटता डोळा लागलेली सूनबाई ताडकन उठली. प्रयोगशाळेतला फ्रिज बिघडला म्हणून तिनं कालच दोन तपकिरी बाटल्या घरी आणल्या होत्या. एकीत द्राक्षाच्या सालींचा अर्क होता. चरबीच्या पेशी मेंदूला ‘पोट भरलं, आता पुरे’ असा निरोप धाडणारं एक संप्रेरक बनवतात. अर्क पाजला की त्या संप्रेरकाचं जनुक जास्त जागं होतं का, हे तिला बघायचं होतं. पेशी तिनं प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत लेकरांसारख्या वाढवल्या होत्या. उद्या अर्क मिळाला नाही, तर सगळं मुसळ केरात!

फ्रिजमध्ये एकही बाटली नाही. सासरे ओट्याशी ओठ पुसत उभे.

“बाबा, बाटली?”

“प्यायलो. तूच फोनवर सांगत होतीस ना, चरबीला शहाणपण शिकवणारं आहे म्हणून?”

“अहो, ते बशीतल्या पेशींसाठी!”

“मग मला काय पेशी नाहीत? दोन पायऱ्या चढलो की धाप लागते. नातीला पाठीवर घेऊन किती दिवस झाले?”

“आणि दुसरी बाटली?”

सासूबाई लगबगीनं पिठाच्या डब्यापुढे उभ्या राहिल्या. “मी ठेवलीय बाजूला. सगळं यांनीच ढोसायचं? माझी चरबी काय सावत्र आहे?”

सूनबाईनं कपाळाला हात लावला. “बाबा, चव कशी होती?”

“चवच नव्हती. भारी औषधं अशीच असतात.”

अर्क तर जीभ आखडेल इतका तुरट! तिनं डब्यामागची बाटली ओढून टोपण उघडलं. आत जांभळा अर्क, काठोकाठ. तिचा जीव भांड्यात पडला. बाबा प्यायले होते ते तुलनेसाठीचं साधं पाणी. काही पेशींना अर्क द्यायचा, काहींना नुसतं पाणी, म्हणजे फरक कशानं पडला ते कळतं.

हे सांगायला ती वळली, तोवर लेक उठली होती आणि आजोबा घोडा होऊन तिला खोलीभर फिरवत होते. “बघ, बघ! कसं हलकं वाटतंय!”

सूनबाई सासूबाईंच्या कानाशी लागून पुटपुटली, “आई, ते नुसतं पाणी होतं हो.”

पोरीचे कान भलतेच तिखट. घोड्यावरून उतरून ती आईला बिलगली आणि आजोबांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं तिनं विचारलं,

“आई, मग आजोबा हलके कशानं झाले?”