कोकण वगळून

वितरणाचा करार झाला, चित्रपट लागला, आणि त्या शुक्रवारपासून माझे वडील कोकणात दिसेनासे झाले. आवाज तेवढा तिथेही ऐकू यायचा, कारण चित्रपटाबाहेरच्या आवाजाचे हक्क आम्ही स्वतःकडे ठेवले होते.

हे आम्हाला कळलं ते कुंभार्ली घाटात. मी गाडी चालवत होते, अण्णा शेजारी होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला हा माणूस माझ्या चित्रपटात स्वतःच्याच भूमिकेत होता. माझी निर्मिती संस्था म्हणजे मी, एक कॅमेरामन आणि भाड्याची खोली. मुंबईच्या एका मोठ्या स्टुडिओने चित्रपट घेतला तेव्हा मी करार दोनदा वाचला होता. सातारा जिल्हा संपल्याची पाटी मागे गेली आणि शेजारची सीट रिकामी झाली. पट्टा मात्र कुणाच्या तरी पोटावर ताणलेला होता.

मी ब्रेक दाबला.

"काय झालं गं?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, तुम्ही दिसत नाही."

ते म्हणाले, "मलाही माझे हात दिसेनात. चष्म्याचं काहीतरी असेल म्हणून गप्प बसलो होतो."

परत फिरणं शक्य नव्हतं. चिपळूणला अण्णांचे थोरले भाऊ दवाखान्यात होते आणि डॉक्टरांनी आठवड्याची मुदत दिली होती. बॉयलरवर काम करून काकांचे दोन्ही कान कायमचे गेलेले. चार दिवस ते एकच विचारत होते, "धोंडू आला का?"

अण्णांनी खाटेशी जाऊन त्यांचा हात हातात घेतला. काकांनी तो दचकून ओढून घेतला आणि पांघरुणात लपवला. माझ्या चुलतबहिणीने, शोभनाने, पाटीवर लिहिलं, 'धोंडूकाका आलेत. इथेच उभे आहेत.' काकांनी पाटी वाचली, रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"गेला का तो?" त्यांनी विचारलं. "खरं सांगा मला."

"दादा, मी आहे," अण्णा म्हणाले. ते आम्ही दोघींनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुंबईला स्टुडिओत गेले. वितरण विभागाच्या शर्वरी गुप्ते यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, फाईल मागवली आणि पान काढलं.

"कोकणाची तारीख अजून ठरलेली नाही," त्या म्हणाल्या. "प्रदर्शनाआधी त्या विभागात व्यक्तिरेखा दिसली तर करारभंग होतो."

"ती व्यक्तिरेखा नाही. माझे वडील आहेत."

"करारात तसा फरक केलेला नाही." त्यांनी फाईल माझ्याकडे वळवली. खाली माझी सही होती.

"तारीख कधी ठरेल?"

"दिवाळीनंतर."

"काका तेवढे थांबणार नाहीत."

गुप्तेबाईंना खरोखर वाईट वाटलं. त्या आत जाऊन कुणाशी तरी बोलून आल्या. येताना त्यांनी माझ्यासाठीही पाणी आणलं.

"खास खेळ देता येईल. एकच प्रेक्षक, बारा मिनिटं. पण वरच्यांचं म्हणणं असं की बदल्यात आवाज द्या. चित्रपटातला आमच्याकडे आहेच. उरलेला तुमच्याकडे राहिलाय, तो."

"उरलेला म्हणजे?"

"ते रोज बोलतात तो."

मला उठून जावंसं वाटलं, पण मी तिथूनच अण्णांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"देऊन टाक," ते म्हणाले. "दादाला तसाही तो ऐकू येत नाही."

"मला येतो, अण्णा."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तरी दे."

मी पुढे काही विचारत होते, पण हातात पेन आलं होतं. सही झाली तशी फोनवर नुसता वॉर्डातल्या पंख्याचा आवाज उरला.

बुधवारी दुपारी चार वाजता स्टुडिओचा माणूस चिपळूणला आला. त्याने काकांच्या उशीखाली तिकीट ठेवलं, खाटेभोवतीचा हिरवा पडदा ओढला आणि आम्हा दोघींना बाहेर थांबायला सांगितलं, कारण प्रेक्षक एकच होता. नर्सलाही त्याने बाहेर काढलं. आम्ही जिन्याजवळच्या बाकावर बसलो. आतून फक्त काकांचा आवाज येत होता.

"धोंडू," ते म्हणाले, "किती वाळलास रे."

मग ते हसले. शोभनाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटांचे वळ उठले. बारा मिनिटांनी त्या माणसाने घड्याळ पाहून पडदा बाजूला केला. खाटेजवळचं स्टूल रिकामं दिसत होतं. काका त्या स्टुलाकडेच बघत होते.

"येऊन गेला," ते आम्हाला म्हणाले.

शुक्रवारी पहाटे ते गेले.

दिवस वगैरे उरकून आम्ही परत निघालो. घाट चढून पाटी ओलांडली तसे अण्णा शेजारी दिसायला लागले. दाढी वाढली होती, डोळे सुजले होते. ते माझ्याकडे बघून काहीतरी सांगत होते. ओठ हलत होते. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं, तरी काही ऐकू आलं नाही.

कोल्हापुरात आम्ही तसेच राहू लागलो. त्यांना काही हवं असलं की ते टेबलावर टकटक करायचे. पंधरा दिवसांनी स्टुडिओचं पत्र आलं की आवाजाचं वितरण गुजरातपासून सुरू होत आहे, महाराष्ट्राबाबत यथावकाश कळवण्यात येईल.

पुढच्या सोमवारी सकाळी बडोद्याहून विमलआत्याचा फोन आला. ती घाबरलेली होती.

"अगं, अण्णा माझ्या स्वयंपाकघरात बोलतोय," ती म्हणाली. "दिसत कुणीच नाही."

अण्णा माझ्या समोरच बसले होते. हातात कप होता आणि ओठ हलत होते.

मी करार काढून पाहिला. बाविसाव्या कलमानुसार घरगुती वापरासाठी फोनवर ऐकायला हरकत नव्हती.

"आत्या, फोन तिथेच ओट्यावर ठेव," मी म्हणाले. "आणि थोडा वेळ भांडी वाजवू नकोस."

मग मी फोन कानाला लावला, खुर्ची पुढे ओढली आणि अण्णांच्या समोर बसले.