लाडूबाईसाहेबांची आण

श्रीगजाननाचे, आणि त्याचे हातीच्या मोदकाचे दुरूनच, स्मरण करून लिहिले ऐसीजे. शके १७०२ शार्वरी नाम संवत्सरी एका राज्याचे मुदपाकखान्याचे कारभारी सुभानराव यांजवर मधुमेह नामे गनीम चालून आला. हाय हाय, काय ते पूर्वीचे दिवस! पंगत बसावी, शेजारी जिवलग निंबाजीराव असावे, आणि रावांचे कुटुंब लाडूबाईसाहेब यांणी परात घेऊन म्हणावे, "माझी आण आहे, एक जिलबी घ्याच!" आण मोडील कोण? मग दोघे हसत हसत जिलब्या रिचवीत आणि तेथेच आडवे होत. पुढे निंबाजीरावांसही हाच गनीम भिडला, आणि मूत्रपिंडे गेली, मग काळीज थकले, आणि ते ऐन उमेदीत निवर्तले. सुभानराव धसकले, आणि साखर समूळ सोडून मैदान मारिले ऐसे मानू लागले. मग तोंड बेचव लागते म्हणोन पापड, लोणचे, खारातल्या मिरच्या यांजवर तुटून पडले, आणि दुखत खुपत नाही म्हणोन वैद्यांच्या गोळ्या कोनाड्यात टाकिते जाहले.

मग वैद्यराज नाडी पाहोन कडाडले, "रावसाहेब, पुढल्या दरवाजास कुलूप, आणि मागला सताड उघडा! साखर उतरली, पण रक्ताचा दाब चढला, लघवीस फेस येतो. गनीम काळजाकडे आणि मूत्रपिंडांकडे निघाला आहे. मीठ आवरा, रोज चाला, गोळी चुकवू नका, लघवी तपासवीत चला. निंबाजीरावांचीही साखर उतरलीच होती!"

हे ऐकोन रावांनी मान डोलाविली, परंतु जिभेस कोण आवरील? दसऱ्याचे पंगतीस लोणच्याकडे हात गेलाच. तो बाईसाहेब समोर उभ्या, आणि तोच जुना सूर, "माझी आण आहे, ते लोणचे ठेवा. आणि ही गोळी घ्याच!"

राव म्हणाले, "जन्मभर आण घालून वाढलेत, आता आण घालून काढून घेता?"

बाईसाहेबांचे डोळे भरले. "वाढीत होते तेव्हा निंबाजीभावजी होते. आता माझ्या पंगतीस तुम्ही एकटेच उरलात."

रावांनी लोणचे ठेविले, आणि गोळी घेतली, आणि शेजारच्या रिकाम्या पाटाकडे पाहोन पोटभर रडले.

येणेप्रमाणे मागला दरवाजा लागला, आणि राव पुढे पुष्कळ वर्षे नांदले. जिलबीची आठवण रोज काढीत. तिजला वैद्यांची मनाई नव्हती. इति हकीकत.