डोमाजीकाकांची दोन टिंबं

डोमाजीकाका कुणालाही भेटले की आधी अंगठा जिभेला लावत आणि समोरच्याच्या कपड्याचं टोक चोळून बघत. आम्ही इतवारी बाजारामागच्या गल्लीत राहायला गेलो, त्याच संध्याकाळी त्यांनी हा प्रयोग माझ्या शाळेच्या निळ्या टायवर केला. मग निळसर झालेला अंगठा उजेडात धरून म्हणाले, "कच्चा हाये. पावसात जाऊ नको वं पोरी, पांढरा शर्ट निया होईन."

मी नन्सच्या शाळेतली. घरात जाऊन टाय बादलीत बुडवला. पाणी निळं झालं.

काका सुताचे रंगारी. कोपरापर्यंत हात कायम पिवळे. जगातली माणसंही ते दोनच प्रकारांत वाटत. जावई कच्चा, दूधवाला अगदीच कच्चा, रेडिओवर बातम्या देणारा मात्र पक्का. रंगवायची त्यांची रीतही वेगळी होती. हंड्यात बाजारातल्या पुडीचा रंग, त्यावर मूठभर हळद आणि शेवटी फिटकरी, म्हणजे तुरटी. बाकीचे रंगारी हसत.

"हासू दे," काका म्हणत. "पुडीले हुशारी हाये, हयदीले माया हाये. दोघीइले एका हंड्यात बसवा लागते. नाही त काठाचा रंग अंगात पसरते."

काठाचा रंग साडीच्या अंगात पसरणं, याहून वाईट गोष्ट त्यांच्या लेखी नव्हती.

सरूकाकू, म्हणजे त्यांची बायको, गल्लीतली सगळ्यात मोठ्यानं बोलणारी बाई. ती हळूहळू गप्प झाली. पोटात दुखायचं, जेवण उतरायचं नाही. सरकारी दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि एके दिवशी काका एक कागद घेऊन आमच्या दारात आले. मागे काकू.

"विंग्रजी शाळेतली पोरगी कोठी हाये? हिले वाचून दाखव. ही माह्या मागं लागून राहिली."

मी नववीत होते. कागदावर दोन शब्द ठळक होते. पहिला मला येत नव्हता. तो येत नाही हे सांगायची लाज वाटली, म्हणून मी तो तोंडातल्या तोंडात म्हटला आणि सोडून दिला. दुसरा चांगला ओळखीचा निघाला. कोलन. सिस्टरनी त्याच आठवड्यात विरामचिन्हं शिकवली होती.

"कोलन म्हणजे दोन टिंबं," मी म्हटलं. "एकाखाली एक."

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि हसू लागल्या. "अवो, ऐकलं काय? दोन टिंबं हायेत माह्या पोटात. मी त मोठं काई समजून बसली होती."

काकांनी कागदाची घडी केली. "पक्की हुशार हाये पोरगी," एवढंच म्हणाले.

टिंबं काढायला काकू दवाखान्यात गेल्या, गल्लीला सांगूनच गेल्या. ऑपरेशन झालं. पण नंतर इंजेक्शनं सुरू झाली आणि त्यामुळे काकू पार गळून गेल्या. उलट्या, तोंड आलेलं. तिसऱ्या इंजेक्शननंतर त्यांनी अंगणात बसकण मारली.

"टिंबं काढले ना? मंग आता सुया कायले? मी नाही जात, बाप्पा."

मग काकांनी घराचा हंडा केला. भाकरीत हळद, वरणात हळद, दुधात हळद आणि वर कुटलेली मिरी. सकाळी सुई, संध्याकाळी दूध. "सुई म्हणजे पुडी, दूध म्हणजे माया. दोघी एका हंड्यात," असं ते काकूंना समजावत आणि दूध पिऊन झालं की ओल्या अंगठ्यानं त्यांचं मनगट चोळून म्हणत, "होऊन राहिला पक्का." डॉक्टरांनाही त्यांनी ही रीत ऐकवली. डॉक्टर म्हणाले, "हळद जेवणात घाला, पण इंजेक्शन एकही चुकवू नका."

"बस, हेच त मी म्हणून राहिलो," काका म्हणाले. डॉक्टर त्या दिवसापासून पक्के झाले. काकूही कुरकुरत चौथ्या इंजेक्शनला गेल्या.

त्याच सुमारास शाळेच्या लायब्ररीत मी डिक्शनरी उघडली होती, दुसऱ्याच कुठल्या तरी शब्दासाठी. तिथे कोलनचा दुसरा अर्थ दिसला. मोठं आतडं. मग धीर करून तो सोडून दिलेला शब्दही शोधला. त्याचा अर्थ वाचून मी डिक्शनरी मिटली. दोन दिवस मी काकांच्या अंगणाकडे फिरकले नाही.

तिसऱ्या दिवशी काका एकटे हंड्यापाशी होते. मी जाऊन उभी राहिले. "काका, मी चुकीचं सांगितलं होतं. ती टिंबं नाहीत."

ते काठीनं सूत फिरवत राहिले. "मले मालूम हाये. डॉक्टरनं मले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. काठाचा रंग. अंगात पसरू नये म्हणून सुया."

"मग तुम्ही मला थांबवलं का नाही?"

"तू टिंबं म्हटलं अन् थे हासली. लय दिवसानं हासली, बेटा. मी काहून खोडू?" सूत हंड्यात दाबत त्यांनी विचारलं, "बरं, त्या टिंबाइनंतर काय येते?"

"पुढे काही तरी लिहायचं असतं. तिथे वाक्य संपत नाही."

"मंग बरोबरच सांगतलं तू," काका म्हणाले. त्यांनी पिवळ्या हातानं डोळे पुसले. गालभर हळद लागली.

काकूंनी सगळी इंजेक्शनं घेतली. पुढे काय होईल ते डॉक्टरही सांगत नव्हते. दर काही महिन्यांनी तपासायचं, एवढंच. शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी काकू पांढऱ्या पदराचं लुगडं नेसून आमच्या दारात आल्या आणि पदराचं टोक माझ्यापुढे धरलं. कोपऱ्यात काडीनं दिलेली दोन पिवळी टिंबं होती. एकाखाली एक.

"पाह्य वं, माह्या येड्या माणसाचं काम."

मी अंगठा जिभेला लावला आणि टिंबं चोळली. मग अंगठा उजेडात धरला.

काहीच लागलं नव्हतं.